काटवण राहू द्या

नाशिककरांना पक्षी म्हटलं की नांदूरमध्यमेश्वर आठवतं, आणि त्यात काही चूक नाही. गोदावरी आणि कादवा मिळतात तिथला जुना बंधारा, त्यामागे वर्षानुवर्षं साठलेला गाळ, गाळावर माजलेलं पाणगवत आणि थंडीत उतरणारी बदकं. 1986 मध्ये ते अभयारण्य झालं, 2020 च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. आमच्या मळ्यापासून अभयारण्याकाठचं चापडगाव काही फार लांब नाही. पाहुणे आले की आम्ही त्यांना तिकडे नेतो, मनोऱ्यावर चढतो, 'ते रोहित, ते चमचे' असं लांबच्या ठिपक्यांकडे बोट करून सांगतो आणि येताना मिसळ खातो. मला नाद लागला तो मात्र घराच्या मागच्या दाराशी, धुणं वाळत घालायच्या तारेखाली.

नवरा निवृत्त झाल्यावर आम्ही इंदिरानगरचा फ्लॅट भाड्याने दिला आणि निफाड तालुक्यातल्या मळ्यात राहायला आलो. सासूबाई (आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो), दीर, जाऊबाई तिथे पहिल्यापासूनच. द्राक्षबाग दिरांकडे, गोठा जाऊबाईंकडे. माझ्या वाट्याला परस आलं. परस म्हणजे मोरीच्या पाण्यावर वाढलेली केळ आणि कर्दळ, दोन पपया, एक शेवगा, कढीपत्ता, सिमेंटची टाकी आणि टाकीच्या फटीत आपोआप उगवलेला उंबर. त्यापलीकडे बांध. बांधावर बोरी, बाभळी, घाणेरी, निवडुंग आणि त्यावर चढलेली गुळवेल यांची अशी गुंतागुंत की कुत्रंसुद्धा वळसा घालून जातं. घरात सगळे त्याला काटवण म्हणतात. दर वर्षी कुणाच्या तरी शेतात जेसीबी आला की 'तेवढं आपलं काटवण काढून घेऊ' हा विषय निघतोच.

त्या पहिल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी तारेच्या हुकाला कसलंतरी जळमट लोंबायला लागलं. मी झाडू घेऊन गेले तशा आत्याबाई ओट्यावरून म्हणाल्या, "राहू दे गं, घर चाललंय तिचं."

ती म्हणजे अंगठ्याएवढी, वरून मळकट हिरवी, खालून पिवळसर मादी. चोचीत कोळ्याचा धागा घेऊन यायची, हुकाभोवती फिरवायची, पुन्हा जायची. जाळं जरा दाट झालं तशी ती त्यात शिरून छातीने आतून रेटा द्यायला लागली. रोज थोडी थोडी पोकळी वाढत गेली. बाहेरून सालीचे कपटे, सुकी पानं, अळ्यांची विष्ठासुद्धा चिकटवलेली, म्हणजे लांबून बघणाऱ्याला कचराच वाटावा. दाराच्या वर पावसा-उन्हासाठी चक्क छोटी वळचण काढलेली. नर, जांभळा सूर्यपक्षी, वायरीवर बसून गायचा, उन्हात निळाजांभळा चमकायचा आणि बांधकामाला अजिबात हात लावायचा नाही. "घरोघरी तेच," जाऊबाई म्हणाल्या. पिल्लं निघाल्यावर भरवायला तोही येऊ लागला, हे न्यायाने सांगायला हवं. पुढे त्याची ती चमक उतरली, अंगावर मादीसारखा रंग आला आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक काळा पट्टा तेवढा उरला. विणीचा हंगाम संपला की त्याचं असंच होतं.

धुणं मी पुढच्या अंगणात नेलं आणि मागच्या उंबऱ्यावर निवडणं-टिपणं घेऊन बसू लागले. पक्षी पाहायला काय लागतं असं कुणी विचारलं, तर मी आधी हे बसणं सांगते. मेथी निवडा, लसूण सोला, हात चालू दे. पण जागचं उठायचं नाही. सुरुवातीला परस रिकामं वाटतं. दहा-पंधरा मिनिटांनी तुम्हाला तिथलंच एक सामान समजून पाखरं आपापल्या कामाला लागतात. चीरक आधी येतो, मग साळुंक्या, मग कर्दळीच्या आतून शिंपी ओरडत बाहेर पडतो. एवढ्याशा देहातून एवढा आवाज निघतो, यावर माझा अजूनही विश्वास बसत नाही. त्याने त्या उंबराच्या एका मोठ्या पानाच्या दोन्ही कडांना भोकं पाडून, त्यातून कापूस आणि कोळ्याचा धागा ओवून पानाचा द्रोण शिवला होता. बाहेरच्या बाजूने प्रत्येक टाक्याचं टोक पिंजून फुगवलेलं, म्हणजे धागा मागे सरकायला नको. अंडी होती तोवर मी जवळ गेले नाही. नंतर रिकामं पान उलटसुलट करून पाहिलं. टाके एकसारखे नव्हते, पण एकही सुटला नव्हता.

दुर्बीण मुलीने दिली. 8×42 ची. आठ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुकानदार दहापटीची घ्या म्हणत होता, पण तिच्यात हाताचा कंप वाढतो. परसासाठी तर आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे दुर्बीण किती जवळचं स्वच्छ दाखवते. काही दुर्बिणींना समोरचा पक्षी पाच मीटरवर तरी असावा लागतो, आणि आमचा शिंपी तर दोन मीटरवर बसलेला. दुर्बीण लावायचीही एक रीत आहे: नजर पक्ष्यावरून हलवायची नाही, दुर्बीण डोळ्यांशी आणायची. खाली बघून दुर्बीण उचलली की पक्षी गेलाच.

रंगांवर मी फार भरवसा ठेवत नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात राखाडी पक्षी तांबूस दिसतो आणि भर दुपारी काळा. आकार धरायचा: चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा. मग तो बसतो कुठे, जमिनीवर की फांदीच्या शेंड्यावर की तारेवर. आणि शेपटी. शेपटीचं मला फार अप्रूप आहे. धोबी शेपटी सारखी वरखाली आपटत चालतो. चीरक ती पाठीवर उभी धरतो, तेव्हा खालचा विटकरी डाग दिसतो. नाचण पंखा उघडून इकडून तिकडे मिरवते. आणि थिरथिरा शेपटी थरथरवतो, नुसती थरथरवतो, थांबला तरी. नावं पुस्तकातून कळली, पण ओळख शेपटीने पटली.

फोनमध्ये भाचीने मर्लिन टाकून दिलं. आवाज ऐकून पक्षी सांगणारं ते अ‍ॅप, फुकट आहे, फक्त भारतातल्या पक्ष्यांची फाइल एकदा उतरवून घ्यावी लागते. उपयोगी आहे, पण त्याच्यावर सगळं सोपवू नये असं माझं मत, आणि ते एका दुपारी पक्कं झालं. अ‍ॅप म्हणालं शिक्रा, म्हणजे पाखरं मारणारा शिकारी पक्षी. आवाज शिक्र्याचाच. बांधाकडच्या नांगरटीत किडे टिपणाऱ्या साळुंक्या एका झटक्यात उडाल्या. मी आभाळ धुंडाळलं, बाभूळ धुंडाळली, शिक्रा कुठेच नाही. तारेवर नुसता एक कोतवाल पक्षी. त्याने खाली झेप घेतली आणि साळुंकीने टाकलेला किडा उचलून परत तारेवर येऊन बसला. शिक्र्याची नक्कल करून साळुंक्या पळवायच्या आणि त्यांचा घास मारायचा, ही त्याची जुनी लबाडी. अ‍ॅपलाही त्याने फसवलं, याचं मला मनापासून कौतुक वाटलं.

आत्याबाईंना अ‍ॅप लागत नाही. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, डोळ्यांना मोतीबिंदू, पण कान शाबूत. एकदा दुपारी काटवणात सातभाईंनी एकच गिल्ला केला. मी दुर्बीण घेऊन निघाले, तर त्या म्हणाल्या, "पायात चप्पल घाल आधी. जनावर निघालंय." धामण होती, बोरीच्या बुडाशी. सातभाई तिच्याभोवती नाचत, पंख पसरून शिव्याशाप देत होते. ती बांध ओलांडून गेली तरी ते काही वेळ तिच्या मागे मागे जात राहिले. पुढे मला त्यांच्या आवाजातला फरक कळायला लागला. नेहमीची कुरकुर वेगळी, मांजरासाठीची ओरड वेगळी, शिक्र्यासाठीची तर एकच तीक्ष्ण शिट्टी आणि मग सगळे झुडपात गडप. या टोळीतले सगळे मिळून एकाच जोडीची पिल्लं भरवतात. मृगाच्या आसपास आफ्रिकेतून चातक येतात तेव्हा त्यांचा डोळा याच भाबड्या कुटुंबावर असतो. सातभाईंची अंडी निळी, चातकाचंही निळं. एका पावसाळ्यात मी पाहिलं, चार सातभाई एका डोक्यावर शेंडी फुटत असलेल्या काळ्या-पांढऱ्या पोराला आळीपाळीने नाकतोडे भरवत होते. पोर त्यांच्यापेक्षा वेगळं दिसतं, वेगळं ओरडतं. त्यांचं काही अडत नव्हतं.

सगळं काही गोडगोड नसतं. कढीपत्त्यात बुलबुलाचं घरटं होतं, तीन अंडी, तीन पिल्लं. सकाळी भारद्वाज आला. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो म्हणतात, आमच्याकडे तर कामाला निघालेला माणूस थांबून हात जोडतो. तांबडे पंख, लाल डोळा, चाल अगदी सावकारी. तो कढीपत्त्यावर चढला आणि एकेक पिल्लू उचलून गिळलं. बुलबुल जोडी त्याच्या डोक्यावर तुटून पडत होती. मी हातातली मेथी टाकून उठले, आणि तशीच उभी राहिले. काटवणात त्याचीही पिल्लं होती, मी त्याला काड्या नेताना पाहिलेलं. त्या दिवसाला चांगला म्हणायचं की वाईट, हे कुणाच्या घरट्यातून बघता त्यावर.

पाण्याचं सांगते, कारण उन्हाळ्यात सगळ्यांना करता येण्यासारखं तेच आहे. कुंभाराकडून उथळ परळ आणा, रुंद तोंडाचं. पाणी दोन बोटं, फार तर अडीच. खोल भांड्यात पिल्लं बुडतात. मधे एक खडबडीत दगड ठेवा, मधमाश्याही त्यावर बसून पाणी पितात. परळ जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर, शेजारी लपायला झुडूप, पण मांजराला दबा धरता येईल इतकं जवळ नको. रोज पाणी ओतून द्यायचं आणि नारळाच्या काथ्याने घासायचं, साबण नाही. शिळ्या पाण्यात डास होतात आणि पक्ष्यांचे रोगही पसरतात. खायला मी बाजरी आणि तांदळाची कणी ठेवते, पिकलेली पपई झाडावरच सोडते. उरलेली पोळी, शेव, फरसाण ठेवणाऱ्यांना मी टोकते. आमच्या नातेवाइकांत मी त्यामुळे थोडी अप्रिय आहे.

चिमण्या गोठ्याच्या भिंतीत राहतात, दगड-मातीच्या जुन्या भिंतीतल्या सांदीत. नव्या स्लॅबच्या घरात त्यांना बोटभरही फट मिळत नाही. 20 मार्चचा जागतिक चिमणी दिवस आता सगळीकडे होतो, पण तो सुरू करणारे मोहम्मद दिलावर आपल्या नाशिकचे, हे नाशिकमध्येच किती जणांना ठाऊक असतं कोण जाणे. 2010 मध्ये तो पहिल्यांदा पाळला गेला. त्या दिवशी सगळे दाणे ठेवतात. चिमणी मोठी झाल्यावर दाणे खाते, पिल्लांना मात्र किडे-अळ्याच लागतात. त्यामुळे दाण्यांच्या ताटलीइतकंच किडे राहतील असं एखादं बिनफवारणीचं झुडूपही तिला हवं असतं, आणि इथेच आमच्या घरातल्या भांडणाचं मूळ आहे.

द्राक्षबाग ही फार स्वच्छ गोष्ट आहे. सरळ ओळी, खाली तण नाही, एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळछाटणी, त्यानंतर ढग आले की फवारणी, दव पडलं की फवारणी. निर्यातीच्या मालाला डाग चालत नाही. बुलबुलाने घडातल्या एका मण्याला चोच मारली की रस गळतो, माशा येतात आणि घड बाजूला पडतो. दिरांचं रागावणं खोटं नाही, मी ते कधी खोटं म्हटलंही नाही. "वहिनी, तुमचे बुलबुल तुमच्या त्या काटवणातच निजतात," असं ते म्हणतात, तेव्हा मी गप्प बसते, कारण खरंच तिथेच निजतात.

पण त्याच काटवणात पिंगळेही राहतात. मण्यांत पाणी भरायच्या दिवसांत बागेवर जाळी टाकतात. एका पहाटे जाळीच्या खालच्या सैल झोळात पिंगळा अडकलेला सापडला. रात्रभर धडपडून दोरा पंखाच्या बुडाशी आवळला होता. दिरांनी त्याच्या डोक्यावर टॉवेल टाकला तसा तो शांत झाला. डोळे झाकले गेले की ते हालचाल थांबवतात. मी शिवणाची छोटी कात्री घेऊन एकेक धागा कापला. मुठीत मावेल एवढा पक्षी, वजन जवळजवळ नाहीच, पण नख्या दिरांच्या हातमोज्यातून आत घुसल्या. टॉवेल काढल्यावर पिवळ्या डोळ्यांनी आमच्याकडे असं पाहिलं की चूक आमचीच. सावलीत खोक्यात ठेवला, संध्याकाळी झाकण उघडलं तर तो सरळ उंबराकडे गेला. दिरांनी त्यानंतर जाळी खालून ताणून बांधायला सुरुवात केली. ताणलेल्या जाळीवर पक्षी आपटून परत फिरतो, सैल जाळीत गुरफटतो. बुलबुल तशाने कमी झाले नाहीत, पण ठिबकच्या नळ्या कुरतडणारे उंदीर पिंगळे खातात, एवढं त्यांना पटलेलं आहे.

थंडी मला सगळ्यात आवडते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा रोज पेपरात येतो, निफाड गारठलं म्हणून नाशिकवाले हळहळतात, आणि आमच्याकडे पाहुणे आलेले असतात. ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास विहिरीच्या दगडांच्या ढिगावर थिरथिरा येतो, काळा, पोट विटकरी. हिमालय आणि मध्य आशियाच्या बाजूने येऊन त्याच ढिगावर शेपटी थरथरवत बसतो. दर वर्षी तोच येतो की दुसरा, सांगता येत नाही. दगड मात्र तोच. भोरड्यांचे थवे संध्याकाळी बाभळींवर उतरतात तेव्हा शेजाऱ्याशी बोललेलं ऐकू येत नाही. आत्याबाई सांगतात, ज्वारी असायची तेव्हा त्या माळ्यावर चढून गोफण फिरवायच्या, हात दुखून यायचे. आता ज्वारी नाही, गोफणही नाही; भोरड्या तरी येतात.

5 ते 12 नोव्हेंबर हा राज्यात पक्षी सप्ताह असतो. एका टोकाला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, दुसऱ्या टोकाला सलीम अलींचा. गावच्या शाळेतली पोरं एकदा परसात आणली होती. ती गप्प बसतील असं वाटलं नव्हतं, आणि बसलीही नाहीत. पण एका सहावीतल्या मुलीने शेवग्याच्या वाळक्या फांदीतलं गोल भोक दाखवलं आणि त्यातून तांबटाचं लाल कपाळ बाहेर आलं. ते भोक मी आधी पाहिलं नव्हतं. तेव्हापासून वाळकी फांदी तोडायची नाही, असा आमच्याकडे नियम आहे. फेब्रुवारीच्या मध्यावर ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो, चार दिवसांचा. भारत त्यात 2013 पासून आहे. निदान पंधरा मिनिटं एका जागी बसून दिसतील ते पक्षी मोजायचे आणि ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकायचे, एवढंच काम. मी उंबऱ्यावरूनच मोजते. कुणाला वाटेल साळुंक्या-बुलबुलांची यादी पाठवून काय उपयोग. पण साळुंक्या कमी झाल्या तर ते कळणार कसं, कुणी मोजल्याच नसतील तर?

यंदा काटवणाचा विषय पुन्हा निघाला. दिरांना त्या बाजूने द्राक्षाची आणखी एक ओळ बसवायची आहे, आणि हिशोब त्यांचा चुकीचा नाही. मी सुगरणींचं कारण पुढे केलं. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला पावसाळ्यात त्यांची घरटी लागतात. नर अर्धं घरटं विणून लटकत पंख फडफडवतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर पुढचं बांधकाम. नाही पडलं तर तो शेजारी दुसरं सुरू करतो. खाली पडलेलं नापसंत घरट्यांचं गवत जाऊबाई गोळा करून भांडी घासायला नेतात. त्यामुळे जाऊबाई माझ्या बाजूने. आत्याबाईंनी निकाल दिला: विहिरीकडची बाभूळ आणि बोरी राहतील, घाणेरी काढायची. घाणेरीची फळं बुलबुल खातात आणि तीच बी बागेत टाकतात, हे दिरांचं म्हणणं बरोबर होतं, मला मान्य करावं लागलं. ओळीचं दिवाळीनंतर बघू म्हणाले. जेसीबीवाल्याचा नंबर त्यांच्याकडे आहे, मीही घेऊन ठेवला आहे.